जेलीफिनमध्ये मराठी संग्रह नीट दिसत नाही आणि भाषांतरालाही हात लावायचाय: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून जेलीफिन, म्हणजे आपल्याकडचे चित्रपट-गाणी घरातल्या टीव्हीवर आणि ब्राउझरमध्ये दाखवणारा सर्व्हर, बसवलं आणि वडिलांनी जमवलेली मराठी नाटकं, चित्रपट, गाणी असलेली दोन टीबीची बाहेरची डिस्क जोडली. तर स्कॅन होऊनही संग्रह रिकामाच. थोड्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या तेव्हा त्या दिसल्या, पण निम्म्यांना भलतीच नावं आणि भलतीच पोस्टरं चिकटली. सबटायटलमध्ये कुठे चौकोन, तर कुठे मोडकी अक्षरं. भाषा मराठी निवडली तर अर्धी बटणं मराठी आणि अर्धी इंग्रजी. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की ही उरलेली बटणं मराठी करायला हातभार कसा लावायचा.

शेवटचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. त्याचं उत्तर मात्र शेवटीच देते. गेली काही वर्षं मी घरचा सर्व्हरही सांभाळते आणि जमेल तसं भाषांतरही करते, आणि माझा अनुभव असा आहे की अडचणी स्वतः निस्तरलेल्या माणसाच्या हातूनच चांगलं भाषांतर होतं. कुठला शब्द कुठे दिसतो आणि तो दाबल्यावर काय होतं हे त्याने पाहिलेलं असतं.

आधी डिस्क. तुमच्या वर्णनावरून ही परवानगीची भानगड आहे, याबद्दल मला जवळजवळ शंका नाही. उबुंटूत तुम्ही लॉगिन केल्यावर बाहेरची डिस्क आपोआप जोडली जाते आणि ती ‘मीडिया’ फोल्डरखाली तुमच्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसते. त्या फोल्डरात फक्त तुम्हाला प्रवेश असतो. जेलीफिन मात्र तुमच्या नावाने चालत नाही. बसवतानाच त्याचा ‘जेलीफिन’ नावाचा वेगळा युजर तयार होतो. म्हणजे डिस्क तुम्हाला दिसते, फाइल मॅनेजरमध्ये उघडते, चित्रपट चालतो, पण सर्व्हरसाठी ते दार बंदच असतं. स्कॅन दोन सेकंदांत संपतं आणि पडद्यावर साधी तक्रारसुद्धा येत नाही, त्यामुळे माणूस फाइलींची नावं बदलण्यात दिवस घालवतो.

खात्री करायची तर टर्मिनलवर (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) ‘सुडो’ वापरून जेलीफिन या युजरच्या नावाने त्या फोल्डरची यादी मागा. ‘परमिशन डिनाइड’ आलं की निदान पक्कं. उपाय असा की डिस्क आपोआप जोडली जाण्यावर विसंबायचं नाही. ‘एमएनटी’खाली एक फोल्डर करा, डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, शोधा आणि ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, नोंद करून ती कायम तिथेच जोडा. नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय न विसरता घाला, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क न जोडता लॅपटॉप सुरू केलात तर तो सुरू होतानाच अडकून बसेल. डिस्क विंडोजवर वापरलेली असेल तर तिची मांडणी (फॉरमॅट) एनटीएफएस किंवा एक्सफॅट असणार. तिथे नंतर ‘सीएचमॉड’ (परवानग्या बदलण्याची आज्ञा) करून काही उपयोग होत नाही, परवानग्या जोडतानाच, त्या नोंदीतच द्याव्या लागतात. लिनक्सची ईएक्सटी४ मांडणी असेल तर मात्र वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरात शिरण्याची परवानगी हवी. मधलं एक जरी फोल्डर बंद असेल तर आतलं सगळं अदृश्य. आणि कोणी सरसकट ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, द्या म्हणून सांगितलं तर ऐकू नका. सर्व्हरला वाचायला आणि आत शिरायला मिळालं की चित्रपट दिसतात. लिहिण्याची परवानगी फक्त माहितीच्या फाइली शेजारी साठवायच्या असतील तेव्हा लागते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता चुकीची नावं. जेलीफिन फाइलीच्या आत डोकावून चित्रपट ओळखत नाही. तो फोल्डरचं आणि फाइलीचं नाव वाचतो आणि ते घेऊन टीएमडीबीसारख्या माहितीसाठ्यात शोधतो. म्हणून एका चित्रपटाला एक फोल्डर, फोल्डरच्या नावात चित्रपटाचं नाव आणि पुढे साध्या कंसात साल, ही शिस्त पाळावीच लागते. साल का, ते ‘श्यामची आई’वरून कळेल. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा आहे आणि त्याच नावाचा २०२३ चाही आहे. नुसतं नाव दिलंत तर कुठला उचलला जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. आणि हे साल इंग्रजी आकड्यांतच लिहा. बाकीचं नाव देवनागरीत चालतं, पण कंसातला देवनागरी आकडा सर्व्हरला साल म्हणून कळत नाही. एवढं करूनही चुकीचंच येत असेल तर टीएमडीबीवर त्या चित्रपटाच्या पानाच्या पत्त्यात जो क्रमांक असतो तो घ्या, चौकटी कंसात ‘टीएमडीबीआयडी’, मग आडवी रेघ आणि क्रमांक असं फोल्डरच्या नावाला जोडा. मग अंदाजाला वावच उरत नाही.

नाटकांना हे लागू नाही. बहुतेक मराठी नाटकांची नोंद त्या साठ्यात नसते. नोंद नसली तरी सर्व्हर शोधतोच, आणि जवळचं काहीतरी सापडलं की ते चिकटवून मोकळा होतो. तुमच्या नाटकांना परदेशी चित्रपटांची पोस्टरं लागली ती यामुळेच. नाटकांसाठी स्वतंत्र संग्रह करा आणि तो करताना माहिती आणि चित्रं उतरवून घेणाऱ्या सगळ्या खुणा काढून टाका. मग फक्त फाइलीचं नाव दिसेल, आणि लेखक, दिग्दर्शक, कलाकार ही माहिती तुम्ही हाताने भरायची. काम वेळखाऊ आहे, पण वडिलांना विचारून ती लिहून घेण्यासारखी दुसरी चांगली वेळ नाही. कुठल्या प्रयोगाची ध्वनिफीत, कुणाकडून मिळाली, ही माहिती जगातल्या कुठल्याच साठ्यात नाही.

इथे एक धोका कळकळीने सांगते. संग्रह ताजा करण्याच्या खिडकीत तीन पर्याय असतात: नव्या आणि बदललेल्या फाइली शोधा, नसलेली माहिती शोधा, आणि सगळी माहिती बदला. तिसरा पर्याय हाताने भरलेलं सगळं पुसून टाकू शकतो. माझ्या मामांच्या घरी मी जवळपास दोनशे कीर्तनांची नोंद केली होती, कीर्तनकार, आख्यान, गाव, सगळं. एका संध्याकाळी घाईत तिसरा पर्याय निवडला गेला आणि सकाळी सगळीकडे नुसती फाइलींची नावं उरली होती. मामांना ते सांगताना फार जड गेलं. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. माहिती भरून झाली की त्या नोंदीला कुलूप लावते, तशी खूण संपादनाच्या खिडकीतच असते. आणि संग्रहाच्या सेटिंगमध्ये एनएफओ साठवण्याचा पर्याय चालू ठेवते, म्हणजे सगळी माहिती फाइलीशेजारीच साध्या मजकुराच्या रूपात राहते. उद्या लॅपटॉप बदलला, सर्व्हर नव्याने बसवला, तरी ती पुन्हा वाचली जाते. वर लिहिण्याची परवानगी म्हटलं ती यासाठी. आवृत्ती बदलण्याआधीही सर्व्हरच्या माहितीच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १०.११ मध्ये आतला डेटाबेस नव्या रचनेत हलवला गेला. जुन्या यंत्रावर आणि मोठ्या संग्रहावर पहिल्यांदा सुरू होताना त्याला बराच वेळ लागतो. अडकलंय असं वाटून मध्येच बंद करू नका.

देवनागरी नावांच्या दोन भानगडी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाहीत, म्हणून त्या जरा सविस्तर सांगते.

पहिली लांबीची. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. ‘प्रयोगाचं’ हा शब्द घ्या. वाचताना चार अक्षरं, पण आत प, हलन्त, र, य, ओकार, ग, काना, च आणि अनुस्वार अशी नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. असे नऊ शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून २५१ बाइट होतात, पुढे टिंब आणि तीन अक्षरांचा फाइलीचा प्रकार जोडला की मर्यादा काठोकाठ भरते. वडिलांनी नाटकाचं नाव, लेखक, प्रमुख कलाकार आणि प्रयोगाचं ठिकाण असं सगळं फाइलीच्या नावातच लिहिलेलं असेल तर विंडोजवर ते सुखाने बसतं, कारण तिथे मोजमाप वेगळं आहे. लिनक्सच्या डिस्कवर घेताना मात्र ‘नाव फार लांब आहे’ म्हणून ती फाइल मागे राहते. शेकडो फाइलींमध्ये पाच-सात मागे राहिल्या तर लक्षातही येत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजा. नाव छोटं ठेवा आणि बाकीचं माहितीत भरा.

दुसरी भानगड आपल्या ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याची’, ‘तऱ्हा’ यांतलं हे अर्धं र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतं. ऱ या एकाच चिन्हाला हलन्त लावून, र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून हलन्त लावून, किंवा र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी नावं आहेत. जुन्या मॅकवरच्या एचएफएस प्लस डिस्कवर पहिला प्रकार आपोआप दुसऱ्यात बदलून साठवला जात असे. त्यामुळे मॅकवरून आलेल्या डिस्कमधलं नाव शोधात टाईप केलं की सापडत नाही, आणि कधी कधी एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसतात. ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाचं छोटं साधन अशी नावं एका रूपात आणतं. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, खरोखर बदलण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते, तेव्हा आधी निवांत वाचून घ्या. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा तिसरा प्रकार मात्र त्यानेही सुधारत नाही, तो हातानेच बदलावा लागतो. ‘ॲ’चंही असंच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, हे एकसंध चिन्ह २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र अशी जोडणी असते. ‘ॲनिमेशन’ हा प्रकार दोनदा दिसत असेल तर कारण हेच.

गाण्यांबद्दल थोडक्यात. तिथे फाइलीच्या नावापेक्षा आतले टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गायक-अल्बमची माहिती, महत्त्वाचे. एका अल्बमवर गायिकेचं नाव देवनागरीत आणि दुसऱ्यावर रोमनमध्ये असेल तर त्या दोन वेगळ्या गायिका ठरतात. एकच लिपी ठरवा आणि पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅगमधून सगळे टॅग एकदम बदला. फार जुन्या फाइलींत आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीचे टॅग असतात. त्यात देवनागरी मावतच नाही, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत साठवा. आणि यादीच्या कडेला ए ते झेड अशी जी पट्टी असते तिच्यातल्या अक्षरांवर देवनागरी नावं येत नाहीत. वडिलांना त्या पट्टीची सवय असेल तर प्रत्येक नोंदीच्या ‘क्रमासाठीचं नाव’ या रकान्यात रोमन नाव लिहा. दिसेल मराठीच, क्रम लागेल इंग्रजीने.

सबटायटलकडे वळू. तुम्ही चौकोन आणि मोडकी अक्षरं एकाच दमात लिहिलीत, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. तिसरंही एक आहे.

चौकोन म्हणजे फॉन्टच नाही. डॅशबोर्डच्या प्लेबॅक विभागात पर्यायी फॉन्ट चालू करण्याची सोय आहे. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तसारखा फॉन्ट एका फोल्डरात ठेवा आणि तो मार्ग तिथे द्या. फोल्डरातल्या सगळ्या फॉन्टचा मिळून आकार २० एमबीच्या आत हवा, म्हणून फॉन्टचं अख्खं कुटुंब ओतू नका, साधा आणि ठळक एवढे पुरे. सगळं ठीक दिसतंय आणि फक्त ‘ॲ’च्या जागी चौकोन येतोय, तर फॉन्ट २००८ च्या आधीचा आहे.

मोडकी अक्षरं म्हणजे फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारा भाग काम करत नाही. ‘स्थिती’ हा शब्द पाहा. पहिली वेलांटी लिहिताना अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी यावी लागते. जुळवणी नसेल तर वेलांटी ‘थ’नंतर लटकते आणि स चा पाय मोडलेला दिसतो. ही चूक तुमच्या फाइलीत नाही, दाखवणाऱ्या ॲपमध्ये आहे. तीच फाइल लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे नीट दिसली आणि टीव्हीवर मोडली तर टीव्हीच्या ॲपमध्ये दुसरा प्लेअर निवडून बघा, नाहीतर सबटायटल चित्रातच मिसळून पाठवायला सर्व्हरला सांगा. त्याने जुन्या लॅपटॉपवर भार पडतो, कारण अख्खा चित्रपट नव्याने एन्कोड होतो. डीव्हीडीवरून आलेली सबटायटल मुळात चित्रंच असतात, त्यांच्यासाठीही बहुतेक वेळा हेच घडतं. चित्रपट अडखळत चालला तर प्लेअरमधली प्लेबॅकची माहिती उघडा, एन्कोड होतंय का आणि कशामुळे, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

तिसरं दुखणं म्हणजे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. ती सबटायटल युनिकोडपूर्व फॉन्टसाठी टाईप केलेली असतात. कुठल्याही सेटिंगने ती सुधारत नाहीत, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढून यूटीएफ-८ मध्ये साठवावी लागतात. फाइलीच्या नावात चित्रपटाचं नाव, मग टिंब, मग मराठीचं चिन्ह ‘एमआर’ ठेवलं की सर्व्हर ती मराठी म्हणून ओळखतो.

अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी हे समजून घ्यायला एक गोष्ट ध्यानात घ्या: जेलीफिनमध्ये ‘भाषा’ चार ठिकाणी असते आणि चारही एकमेकींपासून स्वतंत्र. सर्व्हरची स्वतःची भाषा डॅशबोर्डमध्ये, तिने आपोआप होणाऱ्या कामांची नावं आणि घडामोडींची नोंद बदलते. प्रत्येक वापरकर्त्याची बटणांची भाषा त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये. चित्रपटांच्या माहितीची भाषा प्रत्येक संग्रहाच्या सेटिंगमध्ये. आणि आवाजाची नि सबटायटलची पसंती वापरकर्त्याच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये. कथासार इंग्रजीत येत असेल तर बटणांची भाषा बदलून काही होणार नाही. संग्रहाची भाषा मराठी करूनही इंग्रजीच येत असेल तर टीएमडीबीवर त्या चित्रपटाचं मराठी कथासार कुणी लिहिलेलंच नाही. खातं उघडून तुम्ही लिहू शकता, आणि ते सगळ्या जगाला मिळतं. मराठी आवाज आपोआप निवडला जात नसेल तर फाइलीतल्या त्या ट्रॅकवर भाषेची खूण नाही. फाइल एमकेव्ही असेल तर एमकेव्हीटूलनिक्समधल्या हेडर एडिटरने ती लावता येते, चित्रपट पुन्हा एन्कोड न करता, काही क्षणांत. हे चारही नीट असून एखादं बटण इंग्रजी राहिलं, तर मात्र त्याचं भाषांतर झालेलं नाही. इथून तुमचं काम सुरू होतं.

जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरमध्ये जन्मलं. एम्बी या अशाच सर्व्हरच्या प्रकल्पाने आपला कोड बंद केला तेव्हा काही जणांनी शेवटचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली. तेव्हापासून त्याचं सगळं काम, भाषांतरही, लोकांच्या हौसेवर चालतं. भाषांतर वेबलेट या साधनावर होतं, पत्ता ट्रान्सलेट डॉट जेलीफिन डॉट ऑर्ग. खातं उघडा, मराठी निवडा. तिथे सर्व्हर, वेब, अँड्रॉइड, अँड्रॉइड टीव्ही असे वेगवेगळे घटक दिसतील. प्रोग्रॅमिंग येण्याची काही गरज नाही.

प्रत्येक ओळीशेजारी तिची किल्ली, म्हणजे प्रोग्रॅममधलं तिचं इंग्रजी नाव, दिसते, तिच्याकडे आधी बघा. वेब घटकात किल्लीची सुरुवात ‘बटन’, ‘लेबल’, ‘हेडर’, ‘मेसेज’ अशी असते आणि त्यावरून ओळ कुठे दिसणार ते कळतं. ‘बटन’ असेल तर आज्ञार्थ हवा: जतन करा, काढून टाका. ‘हेडर’ असेल तर शीर्षक हवं, तिथे ‘करा’ शोभत नाही. ‘कास्ट’ हा एकच इंग्रजी शब्द एका ठिकाणी कलाकारांसाठी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी टीव्हीवर पाठवण्यासाठी. किल्ली न बघता लिहिलं तर हमखास चुकतं.

मग येतात महिरपी कंस. ‘अमुक जण तमुक उपकरणावर अमुक लावत आहे’ या वाक्यात माणूस, चित्रपट आणि उपकरण यांच्या जागी महिरपी कंसात शून्य, एक, दोन असे इंग्रजी आकडे असतात. ते देवनागरी करायचे नाहीत, नाहीतर प्रोग्रॅमला जागाच सापडत नाही. त्यांचा क्रम मात्र बदलता येतो, आणि मराठीत बदलावाच लागतो. आपली खरी अडचण सामान्यरूपाची. उपकरणाचं नाव कुणी ‘हॉलमधला टीव्ही’ ठेवलंय आणि तुम्ही कंसाला नुसतं ‘वर’ जोडलंत तर पडद्यावर ‘हॉलमधला टीव्हीवर’ येतं. ‘हॉलमधल्या’ करणं प्रोग्रॅमच्या हातात नाही. म्हणून विभक्ती कंसाला न जोडता पुढच्या नामाला जोडा: ‘हॉलमधला टीव्ही या उपकरणावर’. मुख्य पानावर प्रत्येक संग्रहाच्या नावासह यात नुकतंच काय आलं ते सांगणारी ओळ असते. तिथेही ‘नाटकं मध्ये’ होऊ नये म्हणून ‘नवीन भर: नाटकं’ अशी रचना बरी.

लिंगाचंही तसंच. कंसात गाणं येईल की मालिका की चित्रपट ते माहीत नसतं, म्हणून ‘संपला’, ‘संपली’ टाळून ‘पूर्ण’ लिहा. ‘नवा, नवी, नवे’ बदलतं, ‘नवीन’ बदलत नाही. ‘पाहत आहे’ गाण्याला चालत नाही, ‘सुरू आहे’ सगळ्यांना चालतं. असे न बदलणारे शब्द जमवत गेलात की काम फार सोपं होतं. अँड्रॉइडच्या घटकात काही ओळींना एकवचन आणि अनेकवचन असे दोन रकाने असतात. ‘१ गाणं, ५ गाणी’ बदलतं, ‘१ चित्रपट, ५ चित्रपट’ बदलत नाही. तरी दोन्ही रकाने भरायचे.

शब्दांच्या निवडीबद्दल माझी मतं ठाम आहेत. आमच्या आत्यांना मी टीव्हीवर मराठी जेलीफिन लावून दिलं तेव्हा तिथे ‘ग्रंथालय’ असा शब्द होता. त्यांनी चष्मा नीट केला, तो शब्द वाचला आणि विचारलं, “यात पुस्तकं कुठायत?” त्या मालिका शोधत होत्या आणि मालिका त्या शब्दाच्या आतच होत्या. लायब्ररीला इथे ‘संग्रह’ हाच शब्द हवा. सीझनला ‘ऋतू’ अजिबात नको. मराठी दूरचित्रवाणीने ‘पर्व’ कधीच रुळवलंय, आणि एपिसोडला ‘भाग’. सबटायटलला ‘उपशीर्षक’ लिहिलं तर वाचणाऱ्याला लेखाचा पोटमथळा आठवतो, ‘सबटायटल’च ठेवा. प्लेसाठी मी ‘लावा’ सुचवते, कारण आपण गाणं लावतो, पिक्चर लावतो. ‘चालवा’ कुणाला जवळचं वाटलं तर माझा वाद नाही, फक्त एकदा ठरलं की सगळ्या घटकांत तेच हवं. वेबलेटमध्ये शब्दसूची ठेवता येते, आधी ती बघा. ट्रान्सकोडिंग, सर्व्हर, प्लगइन यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नका. यंत्राने सुचवलेलं भाषांतर दाखवलं जातं, पण ते जसंच्या तसं स्वीकारू नका, ‘होम’चं ‘घर’ तिथूनच येतं.

पाचशे ओळी एका रात्रीत करण्यापेक्षा रोज वापरातल्या वीस ओळी करा. मुख्य पान, प्लेअर, शोध, चूक झाल्यावर येणारे संदेश, या क्रमाने गेलात तर वडिलांना लगेच फरक दिसेल. आधी कुणी केलेली ओळ पटली नाही तर ती थेट खोडू नका. टिप्पणी लिहा, कारण सांगा, दोन-चार दिवस वाट बघा. मराठीत काम करणारे हात थोडे आहेत, त्यातला एकही दुखावून गेलेला परवडत नाही.

आणि लिहिलेलं लगेच दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नका. वेबलेटवरून तुमच्या ओळी कोडमध्ये आपोआप जातात, पण तुमच्या घरी येतात त्या त्या ॲपच्या पुढच्या आवृत्तीसोबतच. वेबचं आधी येईल आणि टीव्हीचं कदाचित नंतर, कारण त्यांचे घटक वेगळे आणि आवृत्त्याही वेगळ्या. आवृत्ती आली की टीव्हीसमोर बसून प्रत्येक पान उघडा, लांब शब्द बटणात मावतोय का ते बघा, आणि जिथे ‘या उपकरणावर’चं शेपूट कापलं जातंय त्या ओळीची किल्ली वहीत लिहून ठेवा.